विहिरीचा भाग

माझ्या सासूबाईंना एका जागी बसता येत नाही. लग्न होऊन मी या घरात आले त्याला चौदा वर्षं झाली, आणि या चौदा वर्षांत पाट, खुर्ची, सोफा, पलंग यांपैकी कशावरही त्यांना सलग दहा मिनिटं बसलेलं मी पाहिलेलं नाही. जेवतानासुद्धा दोन घासांच्या मध्ये उठतात. कधी मीठ आणायला, कधी दाराची कडी बघायला, आणि काहीच सुचलं नाही तर कूलरमध्ये पाणी आहे का ते बघायला, मग महिना डिसेंबरचा का असेना. सुरुवातीला मला वाटायचं, नवी सून काय करते यावर नजर ठेवायला फिरतात. मी मनातल्या मनात भरपूर चिडून घेतलं. पुढे कळलं की माझ्याकडे त्यांचं लक्षच नसतं.

त्यांचं नाव कौसल्या. वय अडुसष्ट. आम्ही नागपुरात कळमन्याला राहतो, मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला. माझा नवरा पियुष यार्डातच धान्याच्या काट्यावर कामाला आहे आणि मी घरी ब्लाउज शिवते. सासरे मी येण्याआधीच गेले. आईंचं माहेर म्हणजे लकडगंज, तिथल्या आरा मशीनवर त्यांचे वडील लाकडं वाहायचे, एवढंच मला माहीत होतं. त्याच्या आधीचं विचारलं की त्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या. त्या तशाही उठतातच, म्हणून मला त्यात कधी वेगळं काही वाटलं नाही.

मॅट्रिक झाल्यावर महाल भागातल्या एका छापखान्यात त्या लागल्या आणि बत्तीस वर्षं तिथंच राहिल्या. त्यांचं काम वाचायचं. म्हणजे असं, की छापलेला कागद प्रूफ तपासणाऱ्यासमोर असायचा आणि लेखकाचा मूळ कागद आईंच्या हातात. त्या मोठ्यानं वाचायच्या आणि समोरचा आपल्या कागदावर जुळवत जायचा. नुसते शब्द वाचून भागत नसे. स्वल्पविराम आला की "स्वल्पविराम" म्हणायचं, वाक्य संपलं की "पूर्णविराम", परिच्छेद बदलला की "नवा परिच्छेद". हे त्या उभ्यानं, फेऱ्या मारत करायच्या, आणि मालकांनी म्हणे पहिल्या वर्षी तक्रार करून मग नाद सोडला. नोकरी संपली तरी सवय गेली नाही. आमच्याकडे सकाळचं वर्तमानपत्र अजून तसंच वाचलं जातं. "शहरात पाणीकपात स्वल्पविराम नागरिक संतप्त पूर्णविराम." पियुष चहा पिता पिता हसतो.

दीड वर्षापूर्वी बुद्धविहारात त्यांना प्रशिक भेटला. प्रशिक खोब्रागडे, पंचवीस वर्षांचा, भंडाऱ्याकडचा, जन्मापासून आंधळा. इथं वसतिगृहात राहून बी.ए. करत होता. त्याला पाहिजे ती पुस्तकं ब्रेलमध्ये मिळत नव्हती आणि फोनमधली बाई मराठी असं वाचायची की त्याच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. आई म्हणाल्या, "मी वाचून देतो ना." त्या आमच्याकडच्या जुन्या बायांसारखं स्वतःविषयी कधी 'देतो' म्हणतात, कधी 'देते'. त्या दिवसापासून आमच्या आतल्या खोलीत, कूलर बंद करून, माझं मशीन बंद करायला लावून, फोनवर पुस्तकं बोलायला लागली. आई एकेक धडा रेकॉर्ड करून त्याची फाइल प्रशिकला पाठवायच्या. प्रशिक सगळ्या विषयांत सुटला. राहिला एक पेपर, मध्ययुगीन युरोपचा इतिहास. त्यात तो दोनदा नापास झाला होता.

तिसरी खेप साधी नव्हती. एका सरकारी कार्यालयात लिपिकाच्या जागेवर त्याची निवड झाली होती आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पदवीचा कागद दाखवायचा होता. नाही दाखवला तर यादीतला पुढचा माणूस. प्रशिक हे हसत हसत सांगायचा, पण आई ते ऐकून खोलीत तीन फेऱ्या जास्त मारायच्या. त्याच्या घरी कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. मी एकदा म्हटलं, "आई, पेपर त्याचा आहे, फेऱ्या तुम्ही काहून मारता?" तर म्हणाल्या, "आवाज माह्या आहे ना वं."

मार्चमध्ये प्लेगचा धडा आला. चौदाव्या शतकातली मोठी साथ, युरोपचा तिसरा हिस्सा, काही म्हणतात त्याहून जास्त, खलास करणारी. पुस्तकात तिला 'काळा मृत्यू' म्हटलं होतं. आई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "काळा काहून? मरण का गोरं राहते?" पण धडा त्यांना धरून बसला हे दिसत होतं. स्वयंपाकघरात येऊन त्या मला एकेक सांगायच्या. जहाजांतून धान्य आलं, धान्याबरोबर उंदीर, उंदरांच्या अंगावर पिसवा, आणि उंदीर मेले की पिसवा माणसांवर. मेसिना नावाच्या बंदरात जहाज लागलं तेव्हा त्यात निम्मी माणसं मेलेली होती आणि उरलेल्यांच्या काखेत गाठी. लोकांना पिसवांचं काही माहीत नव्हतं, ते म्हणायचे हवा बिघडली, ग्रह बिघडले, देव कोपला. "उंदराचा काय दोष," आई म्हणाल्या, "तो धान्याच्या मागं जाते. आपला पियुष बी धान्याच्याच मागं जाते."

परिणामांचं त्यांना फार नवल वाटलं. इतकी माणसं मेली की शेतात राबायला हात उरले नाहीत, म्हणून उरलेल्या मजुरांना जास्त मजुरी मिळायला लागली, आणि लगेच राजानं कायदा केला की पूर्वीपेक्षा जास्त मजुरी कोणी मागायची नाही. हे वाचून त्या दहा मिनिटं स्वयंपाकघराच्या दारातून आत-बाहेर करत बोलत होत्या. "मरून बी वाढू देली नाही त्याईनं," त्या म्हणाल्या. मी भाकरी थापत हं हं करत होते. दुसऱ्या दिवशी आतून आवाज जरा जास्त वेळ आला, मग त्या बाहेर आल्या आणि माठातलं पाणी ओतून देऊन नवं भरायला लागल्या. माठ मी सकाळीच भरला होता. मी तोंड वाकडं केलं.

त्यानंतर त्यांचं फिरणं वाढलं. घरातून अंगणात, अंगणातून यार्डाच्या फाटकापर्यंत. हातात घेतलेला पाण्याचा पेला तसाच ठेवून द्यायच्या. मी पियुषला म्हटलं, आईंची साखर तपासून घेऊ. तपासली. काही निघालं नाही.

मे महिन्यात प्रशिकचा पेपर होता, सकाळी साडेनऊला. कुठलाही पेपर असो, तो निघण्याआधी आईंना फोन करायचा. त्या दिवशी साडेसातला केला. आईंनी फोन स्पीकरवर ठेवला, कारण त्यांना हात मोकळे लागतात.

"आजी, जय भीम. झाली तयारी," तो म्हणाला. "पाचवा धडा येईनच म्हणतात. तुमचा तो विहिरीचा भाग तर मले तोंडपाठ झाला. आता फोन बंद करतो, पेपर झाल्यावर बोलतो."

फोन बंद झाला. आई जागच्या जागी थांबल्या. हे मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मशीनचं चाक हातानं अडवून मी विचारलं, काय झालं.

"विहिरीचा भाग," त्या म्हणाल्या. "तो तर दीड ओळीचा आहे. तोंडपाठ काय करन? मेघा, फाइल लाव बरं. पाचव्या धड्याची चार नंबर."

मी लावली. पियुष आंघोळ करून आला होता, तोही तिथंच उभा राहिला. आधी आईंचा वाचनाचा आवाज, सरळ, छापखान्यातला: "रोगाचे खरे कारण ठाऊक नसल्याने लोक बळीचा बकरा शोधू लागले पूर्णविराम ज्यू समाजाने विहिरींत विष कालवले असा आळ घेण्यात आला व अनेक नगरांत त्यांना जाळण्यात आले पूर्णविराम." मग चपलांचा आवाज. दोन फेऱ्या. मग दुसराच आवाज सुरू झाला, आणि तो काय बोलला ते मी जसं ऐकलं तसंच लिहिते आहे.

"माह्या मायवर बी घेतला होता ना आळ, याईनं कवा शेकडो वर्साआधी घेतला, माह्या मायवर माह्या डोळ्यासमोर घेतला, मी नऊ वर्साची होती, गावात पटकी आली होती, हगवण न् उलट्या, पाच दिवसात सात माणसं गेली, गावाबाहेर सरकारी इहीर होती, दीक्षा घेतल्यापासून आमी तिथंच पाणी भरो, कोणाले पटे नाही पण तोंडावर कोणी बोले नाही, त्या दिवशी माह्या हातून दोर सुटला न् बादली इहिरीत गेली, मी रडत घरी आली, माय म्हणे रडू नोको, न् ते गळ घेऊन गेली बादली काढाले, गळ पाण्यात सोडून फिरवत होती, बादली लागे नाही, तिकून दोघं जण आले, त्याईनं पाहिलं न् गावात सांगतलं का ते बाई इहिरीत काहीतरी कालवून राहिली, मंग सारे आले, म्हणे तू काही टाकलं नसन तं हे पाणी पी, आमच्यासमोर पी, तिनं एक गडवा पेला, म्हणे अजून पी, तिनं अजून पेला, पोट फुगेपर्यंत पाजलं तिले, मंग दोन दिवस सारे वाट पाहत राहिले का हे मरते का, ते नाही मेली, तिले काहीच नाही झालं, तं म्हणे पाहा, हिले काही झालं नाही म्हणजे हिनंच केलं, त्याच दिवशी आमी गाव सोडलं, भर उन्हात, मायनं एकदा बी सांगतलं नाही का बादली माह्या पोरीनं पाडली, मी तिच्या मागंच उभी होती, मी बी नाही सांगतलं, आजवर कोणाले नाही सांगतलं"

पुन्हा चपला. एक मोठा श्वास. मग: "नवा परिच्छेद. साथीचे आर्थिक परिणामही दूरगामी होते पूर्णविराम."

गाव कुहीकडचं होतं. फाइलमध्ये आईंनी गावाचं नाव घेतलं आहे. मी ते इथं गाळलं, तिथं अजून माणसं राहतात.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला आधी लाज वाटली. चौदा वर्षं मी या बाईच्या उठण्याबसण्याची चेष्टा केली होती, माहेरी जाऊन नकला केल्या होत्या. मग रडू आलं. पियुष फोनकडे बघत होता, त्याच्या केसांतून पाणी गळत होतं. आपल्या आईचं लहानपण त्यानं पहिल्यांदा ऐकलं होतं, तेही बी.ए.च्या धड्यात. मी आईंचा हात धरायला गेले तर त्यांनी तो सोडवून घेतला.

"मले वाटलं मी बंद केलं होतं," त्या म्हणाल्या. "दोनदा दाबलं असन मी बटन. ते पोट्टं आता हे पेपरात लिहून येईन. मेघा, त्याले वाटन का हे पुस्तकातच आहे. युरोपच्या पेपरात कुहीची इहीर लिहून येईन. तिसऱ्यांदा बसून राहिला तो. काढ गाडी."

प्रशिकचा फोन बंदच होता. वसतिगृहात केला तर म्हणाले, तो निघाला. मी स्कूटी काढली. सेंटर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं आणि त्या सकाळी नागपुरात जेवढे ट्रक आहेत तेवढे सगळे आमच्या पुढं होते. आई मागे बसल्या होत्या असं म्हणायचं एवढंच. दोन सिग्नलांवर त्या उतरून पायी पुढं निघाल्या आणि मला हिरवा झाल्यावर त्यांना गाठून परत बसवावं लागलं. "चालत लवकर जाऊ," त्या म्हणत होत्या. आठ किलोमीटर. मी ओरडले त्यांच्यावर. त्या माझ्यावर ओरडल्या. आठ वाजून काही मिनिटांनी निघालेल्या आम्ही सव्वानऊला कॉलेजच्या फाटकाशी पोचलो, दोघी घामानं भिजून.

प्रशिक फाटकाच्या आत, पायऱ्यांजवळ उभा होता. बाजूला त्याची लेखनिक, मिनल नावाची बाई, कापडाच्या दुकानात काम करणारी. आंधळ्या विद्यार्थ्यानं सांगायचं आणि लेखनिकानं कागदावर उतरवायचं, आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही, असा नियम असतो. चौकीदार आम्हाला आत सोडेना. आईंनी बाहेरूनच हाक मारली आणि प्रशिक आवाजाच्या दिशेनं बरोबर चालत आला.

"आजी? तुमी इकडं कुठं?"

"प्रशिक, आयक. तो इहिरीचा भाग पुस्तकातला नाही. ते मी बोलली होती. चुकीनं राहिलं त्यात. ते लिहू नोको."

प्रशिक हसला. "मले माहीत आहे, आजी."

"काय माहीत आहे?"

"त्यात पूर्णविरामच नव्हता ना," तो म्हणाला. "पुस्तक वाचता तवा तुमी सगळे पूर्णविराम सांगता. आन पुस्तकात 'त्यांनी' असते, तुमी 'त्याईनं' म्हटलं. पहिल्याच वेळी समजलं मले, आता आजी स्वतः बोलून राहिली."

आईंनी फाटकाच्या सळ्या धरल्या होत्या, त्या सोडल्या. "मंग तोंडपाठ काहून केलं?"

तो काही बोलणार तेवढ्यात घंटा झाली आणि मिनलनं त्याचा हात धरून त्याला आत नेलं.

आई एकदम हलक्या झाल्या. मला रसवंतीवर नेलं, उसाचा रस पाजला, स्वतः दोन घोट घेतले. "हुशार पोट्टा आहे," त्या म्हणत राहिल्या. "बराबर समजलं त्याले." आंधळ्या विद्यार्थ्यांना वेळ जास्त मिळतो, म्हणजे दीड वाजेपर्यंत थांबायचं होतं. मी कडुनिंबाखाली रुमाल अंथरून बसले. आई समोरच्या फुटपाथवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या, डोक्याला दुपट्टा बांधून, मे महिन्याच्या उन्हात. पानठेल्यावाल्यानं मला विचारलं, त्यांचं काही हरवलं आहे का.

दीड वाजता प्रशिक बाहेर आला. पेपर चांगला गेला, तो म्हणाला. प्लेग आला होता. सोळा मार्कांचा. 'मध्ययुगीन युरोपातील प्लेगच्या साथीची कारणे, प्रसार व परिणाम सविस्तर लिहा.'

"लिहिलं ना सगळं?" आईंनी विचारलं. "उंदीर, पिसवा, जहाज, मजुरीचा कायदा?"

"सगळं लिहिलं. आन विहिरीचंही लिहिलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आई त्याच्या अगदी जवळ गेल्या. "कोणतं इहिरीचं?"

"तुमचं," तो म्हणाला. "आजी, रागवू नका. दोन वेळा मी हाच प्रश्न लिहिला. दोन्ही वेळा परिणामात लिहिलं, 'समाजात संशयाचे वातावरण निर्माण झाले.' पाठ केलेलं वाक्य. संशयाचं वातावरण म्हणजे काय, ते मलाच नव्हतं माहीत, तर तपासणाऱ्याला काय कळन? यावेळी मले माहीत होतं. म्हणून शेवटी चार ओळी जोडल्या. बादलीचं नाही सांगतलं. ते तुमचं आहे."

"काय चार ओळी?"

त्यानं म्हणून दाखवल्या, पेपरात सांगितल्या तशा, पुस्तकी मराठीत. "साथीचा हा परिणाम केवळ युरोपापुरता किंवा मध्ययुगापुरता मर्यादित नाही. कुही तालुक्यातील एका गावात पटकीच्या साथीत एका स्त्रीवर विहिरीत विष कालवल्याचा असाच आळ घेण्यात आला. तिला विहिरीचे पाणी पिण्यास भाग पाडण्यात आले व ती जिवंत राहिली, हाच तिच्याविरुद्ध पुरावा मानण्यात आला. ती निर्दोष होती."

मिनलबाई अवघडून आपल्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

"'एका स्त्रीवर', असं लिहिलं?" आईंनी विचारलं.

"हो."

आई वळल्या आणि स्कूटीकडे चालायला लागल्या. मी प्रशिकला काहीबाही बोलले. आता मला त्याचं वाईट वाटतं, पण तेव्हा मी म्हणाले की तुला शहाणपणा करायला हाच पेपर मिळाला का, म्हातारीचा जीव घेशील. येताना आई कुठल्याही सिग्नलवर उतरल्या नाहीत.

पुढचे दोन महिने आमच्या घरात कोणाला चैन नव्हतं. निकाल जूनच्या शेवटी लागणार होता, मग जुलै म्हणाले, मग जुलैचा शेवट. पियुष यार्डातून फोन करून विचारायचा, लागला का. मी रोज फोनवर वेबसाइट उघडायचे आणि ती रोज तेच गोल गोल चाक फिरवून दाखवायची. मला हिशेब सरळ दिसत होता. तपासणारे पुस्तकाशी पडताळून मार्क देतात. युरोपच्या पेपरात कुही दिसली की काट मारणार, काट मारली की पोरगा नापास, नापास झाला की नोकरी गेली, आणि ती गेली तर आई जन्मभर स्वतःला दोष देणार. एक दोष त्यांनी साठ वर्षं उचललाच होता. मी त्यांना समजवायला जायचे, "आई, चार ओळींनी काही होत नाही." त्या हं म्हणायच्या आणि चालू लागायच्या.

त्यांनी नवीन काही वाचायला घेतलं नाही. वर्तमानपत्रसुद्धा घडी न उघडता पडून राहायचं. एकदा मी काज करत होते तर मागून येऊन म्हणाल्या, "मेघा, वर्गात मास्तर कोणाची गोष्ट सांगते, तवा 'एक माणूस' म्हणते ना? राजाची सांगते तवा नाव घेते." मी म्हटलं, हो, मग? तर म्हणाल्या, "काही नाही." मला वाटलं निकालाचं टेन्शन डोक्यात गेलं आहे. त्यांच्यासाठी झोप येणारं काही औषध मिळतं का ते मी मेडिकलमध्ये विचारून आले.

निकाल लागला तो जुलैच्या एकोणतीस तारखेला, दुपारी. प्रशिक पास. पेपरात शंभरापैकी एक्कावन्न, त्याला या विषयात आजवर पडलेले सगळ्यात जास्त. त्या सोळातले किती मिळाले ते काही कळत नाही, नुसता एकूण आकडा असतो. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या सुभद्राताई पळत आल्या. पियुषनं यार्डातून येताना संत्रा बर्फी आणली. आईंनी तुकडा हातात घेतला, "चांगलं झालं, लई चांगलं झालं," म्हणाल्या, आणि अंगणात गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. त्या चालतच होत्या, पहिल्यापेक्षा जोरात.

मग मला खरंच राग आला. म्हटलं, आता काय उरलं? पोरगा पास झाला, नोकरी वाचली, आता तरी या बाईनं दोन मिनिटं टेकावं.

संध्याकाळी प्रशिक आला, मिठाईचा डबा घेऊन. पियुषनं त्याला खुर्चीत बसवलं. मी चहा टाकला आणि मे महिन्यात बोलले त्याबद्दल माफी मागितली, तो म्हणाला, ताई, जाऊ द्या. सहा तारखेला कागद द्यायचे आहेत, सगळं वेळेवर होईल, असं सांगत होता. आई अंगणातून आत आल्या आणि त्याच्या समोर उभ्या राहिल्या.

"पास झाला, मले आनंद आहे," त्या म्हणाल्या. "पण 'एका स्त्रीवर' काहून लिहिलं तू? तिले नाव नव्हतं का?"

दोन महिने आम्ही सगळे चुकीच्या गोष्टीची काळजी करत बसलो होतो, हे मला तेव्हा कळलं.

प्रशिकनं हातातली बशी चाचपत खाली ठेवली. "आजी," तो हळू म्हणाला, "तुमी सांगतलंच नाही. पूर्ण फाइलीत 'माय' आहे, 'ते बाई' आहे. गावाचं नाव आहे. तिचं नाव नाही. मी सात-आठ वेळा आयकली फाइल, पेपराच्या आदल्या दिवशी बी आयकली. मले नाव लिहाचं होतं."

आई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पियुषकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा त्याच्याकडे.

"रंभाबाई," त्या म्हणाल्या. "रंभाबाई होतं तिचं नाव."

पियुषनं मान वर केली. आपल्या आजीचं नाव त्यालाही तेव्हाच कळलं.